आता घरच्या बोलीत आयका

उके सर कोणतीही सूचना दोनदा द्यायचे. राष्ट्रगीत संपलं की ऑफिसबाहेरच्या माइकपाशी येऊन आधी खाकरायचे, मग हातातला कागद वाचायचे. "सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की, विद्यापीठाच्या परिपत्रकानुसार परीक्षा आवेदनपत्रे विहित मुदतीत सादर करावीत." कागद खिशात जायचा. मग आवाज मोकळा सोडून म्हणायचे, "हे झालं विद्यापीठाचं. आता घरच्या बोलीत आयका. पोट्टेहो, परीक्षेचा फारम शुक्रवारपर्यंत भराचा हाये. फोटो आना, आधार कार्ड आना. शुक्रवारी लाइन लागते, म्हनून उद्याच या. आन् जे आज आले नाही, त्याईले गावात जाऊन सांगून देजा. भुयारवाले, आयकून राहिले का?" मागच्या व्हरांड्यातून भुयार गावची पोरं ओरडायची, "हो जी!" मग आसगाव, मग कोंढा. सगळ्या गावांची हजेरी झाल्याशिवाय माइक बंद व्हायचा नाही.

मी मूळची सांगलीकडची. मराठी शिकवायला वैनगंगेकाठच्या पवनीत आले, आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये त्यांना गाठलं. "सर, मी वर्गात घसा कोरडा करून यांची भाषा सुधारायची आणि तुम्ही माइकवरून बिघडवायची, हे काय चाललंय?" उके सर भूगोल शिकवायचे. उंच, काळेसावळे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गालात कायम तंबाखूचा खर्रा. त्यांनी खर्रा या गालातून त्या गालात नेला आणि हसले. "बिघडवतो कुठं मॅडम? तुमची भाषा वर्गात राहू द्या ना जी. फारम भराची भाषा आमची हाये." मी चहा मागवला.

हे खूळ कुठून आलं, ते पुढे त्यांनीच सांगितलं. ते चिखल्याकडचे. वडील खाणीत उतरणारे. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेले हे पहिलेच. शहरातल्या एका कॉलेजात नाव घातलं, आणि पहिल्याच वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायचा राहून गेला. "मी रोज त्या बोर्डापुढून जात होतो मॅडम. नोटीस वाचली बी होती. वाचता आली, समजली नाही. बाबूले विचारलं तं म्हने, नोटीस लावली होती ना? लावली होती, खरंच लावली होती!" वर्ष बुडालं. महिनाभर ते घरी बसून होते. बाप रोज कामावर निघताना विचारायचा, "काहून गा, कालेज नाही?" आणि हे सांगायचे, सुट्टी आहे. पुढे कधीतरी बापाला खरं कळलं. तो एक शब्द बोलला नाही. "मारलं असतं तं बरं झालं असतं," सर म्हणाले आणि बाहेर जाऊन थुंकून आले.

त्यामुळे त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "नोटीस लावली म्हंजे सांगतलं, असं नाही होत." प्राचार्यांना ऐकवायचे, क्लार्कना ऐकवायचे, आम्हाला तर उठता-बसता. पावसाळ्यात रोवणी लागली की आमचे वर्ग ओस पडतात. पोरी आयांबरोबर धानाचे परे, म्हणजे भाताची रोपं, लावायला दिवसदिवस बांधीच्या चिखलात वाकलेल्या असतात. नेमके त्याच दिवसांत शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे कागद निघतात. उके सरांचा जीव तेव्हा टांगणीला लागायचा. माइकवरून हजर असलेल्या एकेका पोरीला कामाला लावायचे, अमकीच्या बांधीवर जा, तमकीच्या आईला सांग. मोबाइल आले, कॉलेजचा ग्रुप झाला, तेव्हा मी म्हटलं, आता तरी घसा वाचवा. तर म्हणाले, "मोबाइल भावाच्या खिशात असते मॅडम. बहीन बांधीत असते." हे मला पटलं, पण पटलं असं मी त्यांना लगेच कशाला सांगू?

एकदा विद्यापीठाची समिती आली. प्राचार्यांनी आदल्या दिवशी बजावलं, "उके सर, उद्या फक्त प्रमाण मराठी. हात जोडतो." सरांनी शब्द पाळला. कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि गप्प उभे राहिले. पोरं जागची हलेनात. समिती बघतेय, प्राचार्य घाम पुसतायत, आणि मागून एक आवाज आला, "सर, आता घरच्या बोलीत सांगा ना जी!" समितीचे अध्यक्षच आधी हसले. मग सर म्हणाले, "पोट्टेहो, पाहुने आले हायेत. नीट बसा. नाश्ता त्याईच्यासाठी हाये, तुमच्यासाठी नाही." प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

आता त्या खर्र्याचं सांगते, सांगायला नको वाटतं तरी. इकडे सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोटून तो देतात, आणि माणसं चहा घ्यावा तसा तो गालात धरतात. कॉलेजच्या आवारात तंबाखूबंदीचं पत्रक आलं, तेव्हा तेही सरांनीच वाचलं. आणि घरच्या बोलीत म्हणाले, "म्हंजे खर्रा गेटबाहेर थुकून या. मी बी थुकून आलो." सगळं कॉलेज हसलं. मी हसले नाही. मी त्यांना सरळ म्हटलं, "सर, एवढ्या पोरांना शहाणं करता, स्वतःला कधी करणार?" "सोडतो ना जी," ते म्हणाले. सोडला नाही. हळूहळू डब्यातली भाकरी त्यांना चावेना. मग समोसा नको म्हणाले, मग घरून उके वहिनी डब्यात पातळ वरण-भात देऊ लागल्या. तोंड पुरतं उघडत नव्हतं आणि आतल्या बाजूला एक फोड आला होता तो बरा होत नव्हता. नागपूरला दाखवायला मी आणि वहिनी बरोबर गेलो. डॉक्टरांनी ऑपरेशनचं सगळं समजावून सांगितलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जीभ किती ठेवसान?"

डॉक्टरांनी ठेवता आली तेवढी ठेवली. जबड्याची एक बाजू गेली. काही महिन्यांनी सर कामावर रुजू झाले, तोंडाला रुमाल, शर्ट तसाच कडक इस्त्रीचा. आम्ही म्हटलं, आल्या आल्या माइकचं राहू द्या. ते ऐकतात होय! राष्ट्रगीत झालं, ते माइकपाशी गेले, खाकरले आणि बोलू लागले. एक शब्द कळेल तर शपथ. नुसता आवाज, आणि त्यात मधूनमधून ओळखीचा एखादा हेल. शेवटी त्यांनी थांबून काहीतरी विचारलं. ते मात्र सगळ्यांना कळलं, कारण तिथे रोज तेच असायचं. मागच्या व्हरांड्यातून भुयारची पोरं जिवाच्या आकांताने ओरडली, "हो जी!" आसगावची ओरडली, कोंढ्याची ओरडली. मला वाटलं, काय गुणाची पोरं आहेत.

सर मात्र स्टाफरूममध्ये येऊन खुर्चीत बसले आणि रुमालात तोंड घालून रडले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला तर हाताने बाजूला सारला. काहीतरी सांगत होते. पहिल्यांदा मला कळलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा कळलं. "समजलं नाही त्याईले. तरी हो म्हनले."

दुसऱ्या दिवशी राष्ट्रगीत संपलं, तसा त्यांनी कागद माझ्या हातात कोंबला आणि मला माइकपुढे ढकललं. कागद मी झोकात वाचला. वाचायचं काय, माझा तो धंदाच. मग त्यांनी कोपराने ढोसलं. मी म्हटलं, "आता घरच्या बोलीत आयका." सांगलीच्या तोंडातून ते असं काही निघालं की सगळा व्हरांडा फिदीफिदी हसायला लागला. सरही हसले, रुमालाआडून, खांदे हलवत. आजारपणानंतर मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं. पुढे रोजचंच झालं. मी बोलायची आणि ते शेजारी उभे राहायचे. शब्द चुकला की मान हलवायचे, मग मी पुन्हा म्हणायची. 'सांगून द्या' नाही, 'सांगून देजा'. पोरं तोवर शांत थांबायची.

वर्ष सरलं आणि दुखणं उलटलं. गळ्याला गाठी आल्या, अंथरूण धरलं. मी कॉलेज सुटल्यावर त्यांच्याकडे जायची. वहिनी नळीतून पेज घालत असायच्या. सर हाताने विचारायचे, आज काय? मी त्या दिवशीची सूचना दोन्ही भाषांत म्हणून दाखवायची. जमली की ते पलंगाच्या लोखंडी कडेवर बोटाने टकटक करायचे. रोवणी ऐन भरात होती. एका संध्याकाळी मी शिष्यवृत्तीची सूचना म्हटली, पण टकटक झाली नाही. ते माझ्याकडे बघत राहिले आणि फार कष्टाने एकच शब्द काढला. "रोवन्यावाल्या?" मी म्हटलं, "सांगते सर, त्यांनाही सांगते." त्यांनी डोळे मिटले. आमचं बोलणं ते शेवटचंच.

ते रोवणीतच, एका सकाळी गेले. प्राचार्यांनी कागद दिला तो मी माइकवर वाचला. "महाविद्यालयातील भूगोल विभागाचे प्राध्यापक उके सर यांचे दीर्घ आजाराने दुःखद निधन झाले आहे. त्यांना श्रद्धांजली म्हणून महाविद्यालयाचे आजचे कामकाज स्थगित करण्यात येत आहे." सगळे स्तब्ध उभे राहिले. एरवी शोकसभेतलं मौन संपलं की पोरं बसस्टँडकडे पळतात, कितीही मोठा माणूस गेलेला असो. त्या दिवशी कोणी हललं नाही. प्राचार्यांनी मला हाताने 'झालं' अशी खूण केली. झालं नव्हतं. ती पोरं थांबली होती.

"आता घरच्या बोलीत आयका," मी म्हटलं. "पोट्टेहो, आपले उके सर गेले. सकाळीच गेले. दुपारी नदीवर नेतीन. जे आज आले नाही, रोवन्याले गेले, त्याईले गावात जाऊन सांगून देजा. भुयारवाले, आयकून राहिले का?"

मागच्या व्हरांड्यातून मग अगदी हळू आलं, "हो जी."

दुपारी वैनगंगेच्या काठी लोक जमले. नदी फुगलेली होती. त्रिशरण-पंचशील झालं, त्यांच्या मुलाने अग्नी दिला. आम्ही मागे वळणार, तेवढ्यात रस्त्यावर एक ट्रॅक्टर येऊन थांबला, त्याच्या मागे एक काळीपिवळी जीप. त्यातून पोरी उतरल्या. कमरेला ओढण्या खोचलेल्या, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, कुणाच्या हातात अजून पऱ्यांची जुडी. त्या बांधीतून थेट तशाच आल्या होत्या. काहींच्या आयाही बरोबर होत्या. पोरींतली एक माझ्याजवळ आली, धापा टाकत म्हणाली, "मॅडम, भुयारची पोट्टी धावत बांधीवर आली जी. तिनं सांगतलं. आमी तसेच निंगालो." आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. माझी साडी चिखलाने भरली.

मी तिला जवळ धरलं आणि चितेकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं. आजूबाजूच्यांना काय वाटायचं ते वाटो.

"सर, रोवन्यावाल्याईले समजलं जी."