ढाबळीचा कोट

गल्लीच्या नजरेत टेलरकाका पहिल्यांदा भरले ते दुकानाच्या पायरीवर. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि डोळे आभाळात. आत एक गिऱ्हाईक दोन्ही हात पसरून तसंच उभं होतं, छातीचं माप अर्धवट राहिलेलं. "काका, आता मीही उडू का?" असं त्याने विचारलं, तेव्हा कुठे काका भानावर आले.

माणूस कामाला चोख. त्यांच्या शिवणीत खोट काढायला जागा नसे. पण जीव सगळा कबुतरांत. घरामागच्या परसात त्यांनी फळ्या ठोकून ढाबळ उभी केली होती. कबुतरांची ही खोली आपल्या खोलीपेक्षा नीटनेटकी असते, हे काकू येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

मागच्या हिवाळ्यात दोन कबुतरं गारठून गेली. काका कितीतरी दिवस ताटावर नुसते बसत आणि उठत. म्हणून यंदा वारा बोचायला लागल्याबरोबर काकूंनी निर्वाणीचं सांगून टाकलं.

"या थंडीत एक जरी पाखरू गेलं ना, तर उरलेली सगळी माझ्या भावाकडे. त्याची ढाबळ मोठी आहे, हाताखाली माणसं आहेत. तुम्ही उपाशी म्हणून मी उपाशी, हे मला पुन्हा नको."

"अगं, पण तो त्यांना नावाने हाक तरी मारेल का?"

"मला तरी कुठे मारतो? अजून ढमीच म्हणतो!"

काका हसले, पण काकू एकदा बोलल्या की ती काळ्या दगडावरची रेघ.

आता टेलरने ढाबळ उबदार करायची म्हणजे कशी? कोट शिवतात तशी. काकांनी टेप लावून चारही भिंतींची मापं घेतली. आतून जाड कापडाचं अस्तर, बाहेरून मेणकापड, कडांना दुहेरी टीप. छपराखाली हवेसाठी जाळीची एक लांब फट होती, तीही त्यांनी झाकून टाकली. मग स्वतः आत बसून कुठून वारा लागतो का ते पाहिलं. सुईच्या टोकाएवढाही लागेना. बाहेर आले ते मिशीत हसतच.

पुढे गारठा वाढला आणि म्हातारी शिंकायला लागली. म्हातारी म्हणजे ढाबळीतली सगळ्यात जुनी राखाडी मादी. पिसं फुलवून कोपऱ्यात बसायची, चोच उघडी ठेवून श्वास घ्यायची. काकांनी ओळखलं, थंडी बाधली. त्यांनी अस्तराचा आणखी एक थर चढवला. म्हातारीने दाणे टिपणंच सोडलं. तिकडे काकांचीही भाकरी ताटात तशीच राहू लागली.

एका सकाळी काकूच दाण्यांचा डबा घेऊन ढाबळीत शिरल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, मला काही दिसेना! चष्म्यावर वाफ धरली." त्यांनी चाचपडत भिंतीला हात लावला. "आणि हे अस्तर कोणी धुऊन वाळत घातलंय का? पिळलं तर पाणी निघेल!"

"दव असेल."

"घरात दव? एवढी पाखरं रात्रभर श्वास सोडतात, तो जाणार कुठे? वास बघा कसा नाकात चढतोय. गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगता ना, मेणकापड लावू नका, आत घाम मुरतो म्हणून?"

काकांनी अस्तर चिमटीत धरून पाहिलं. गिऱ्हाइकांना हे सांगताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती. आपली शिवण आपणच उसवायची म्हणजे त्यांच्या अंगावर काटा यायचा. पण कोपऱ्यात म्हातारी धापा टाकत होती. त्यांनी कात्री आणली आणि खाली बसून एकेक टीप उसवली.

"हळू उसवा, कापड फाटेल," काकू म्हणाल्या.

"फाटू दे. कापड बाजारात मिळतं."

मेणकापड निघालं, ओलं अस्तरही निघालं. छपराखालची फट मोकळी झाली. खाली, पाखरं बसतात तिथे थेट वारा लागू नये म्हणून काकांनी तेवढी एक फळी आडवी ठोकली. जमिनीवरचा ओला भुसा काढून काकूंनी कोरडा पसरला. ढाबळ आता गार होती, पण कोरडी ठणठणीत. म्हातारीला टोपलीत घालून स्वयंपाकघरात नेलं, कोमट पाणी पाजलं. दोन-तीन दिवसांत तिने काकूंच्या बोटाला टोच मारली.

"मेली कृतघ्न!" काकू म्हणाल्या आणि हसतच त्यांनी भावाला फोन लावला. "तुझे पिंजरे घेऊन येऊ नकोस रे. इथे कोणी कुठे जात नाहीये."

हिवाळा सरला, पाखरू एकही गेलं नाही. हल्ली सकाळी ढाबळीचं दार काकूच उघडतात. काका उठून परसात येतात तोवर कबुतरं एक फेरी मारून छपरावर बसलेली असतात.