फुलचूरले निघालेला लाकडाचा बैल

करवत चालली का भुसा पडते, आन आमी तिघं एका पडवीत बसलो का किस्से पडते. भुसा तं माझी बायको चुलीत घालते, पुस्तकला तिचं नाव. किस्से कोन घालन चुलीत? ते साचतच जाते. यंदाच्या पोळ्याचे तेवढे सांगतो, बाकीचे बायामानसाईसमोर सांगाचे नाई.

आमच्या इकडे मोठा पोळा झाला का दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पह्यला खऱ्या बैलाईचा, दुसरा लेकराईचा. लेकरं लाकडाचे बैल दोरीनं ओढत तोरनाखाली आनते. आमी देवरीकडचे. दरसाल सेवकराम वाढयाच्या, म्हंजे सुताराच्या, पडवीत गावच्या लेकराईसाठी बैल बनवतो आन तसेच देऊन टाकतो. कोरतो मी, चाकं सेवकराम बसवते, रंग मनिराम देते. शिव्या मी एकटाच देतो.

यंदा एक बैल माझ्या नातीचा होता. परी तिचं नाव. लेकीची पोरगी, फुलचूरले राह्यते, हिंदीच बोलते. आन मले पाह्यलं का मायच्या मागं लपते. कारन माझा आवाज. मागच्या खेपेले साधं "जेवली का?" इचारलं तं भोंगा पसरला पोरीनं.

लेक म्हने, "बाबा, हळू बोला ना जरा."

म्या म्हनलं, "हळूच तं बोलून राहिलो!"

आंगनातल्या कोंबड्या पळाल्या.

तवापासून डोक्यात एकच होतं. बैल असा करीन का हे पोरगी एक खेप तरी माझ्याजवळ आली पाह्यजे.

*

शिवनीचं लाकूड घेतलं, हलकं राह्यते. कोरून राहिलो तं मनिराम डोक्यावर येऊन उभा.

"का गा, हे काय, डुक्कर हाय का?"

"बैल हाय."

"मंग शिंगं कुठी हायेत?"

"शिंगं मंग बसवीन."

"मंग तवरक डुक्करच म्हना."

माझं टाळकं सटकलं. पटाशी हानली फेकून. मनिरामले काई लागली नाई, सेवकरामच्या चहाच्या कपाले लागली. सेवकरामनं तुकड्याईकडे पाह्यलं, बैलाकडे पाह्यलं, आन गरीब तोंड करून म्हने, "तुमच्या डुकरानं माझा चहा काऊन सांडवला गा?"

*

चाकं बसवली सेवकरामनं. एका बाजूची लहान, एका बाजूची मोठी. बैल सोडला तं सरळ जाईच ना. गोल गोल, गोल गोल.

म्या म्हनलं, "बे, पोरगी दोरी धरून चक्कर येऊन पडन ना!"

सेवकराम बिडी पेटवत म्हने, "चाकं बराबर हायेत. खळ्यावर चुरन्याचा बैल हाय तो. मधात धान टाका, सांजवरी सारं चुरून देईन."

चाकं बदलाले लावली. पन खोटं कायले बोलू, आमी तिघं बुढे त्याच्या आधी बराच वेळ तो बैल गोल गोल फिरवतच बसलो होतो.

*

मनिराम हायवेवर ट्रका रंगवते. जनम ट्रकाईच्या मागंच गेला त्याचा. बैल रंगवला मोठा झकास. पांढराशुभ्र आंग, निळी शिंगं, पाठीवर लाल झूल, डोळ्यात काजळ. म्या खुश झालो, फिरवून मागून पाह्यलं.

मागं पुठ्ठ्यावर, शेपटाच्या वर, पिवळ्या अक्षरात लिहिलं होतं: आवाज दो.

मी असा वरडलो का रस्त्यानं जानारा सायकलवाला उतरून उभा राहिला.

मनिराम ब्रश पुसत सेवकरामले म्हने, "पाह्यलं का? लिहिल्याबराबर काम करते."

*

पुस्तकलेनं मले शिक्षाच लावली. म्हने, "बैल बोलवन पोरीले, पन तुमी तोंड उघडलं का पळन ते. आधी हळू बोलाची प्रॅक्टिस करा."

"कोनासंग करू?"

"बैलासंग करा. तो भेत नाई."

झालं. रोज सकाळी बैल ओट्यावर ठेवून मी समोर बसो. "बेटा, इधर आओ. बेटा, खाना खाया?" गळा दाबल्यासारखा आवाज निघे. एक दिवस शेजारची म्हतारी कुंपनापाशी उभी राहून पाहूनच राहिली. मंग पुस्तकलेले म्हने, "काऊन व, तुया बुवाले झालं तरी काय? लाकडासंग हिंदी बोलून राहिले."

पुस्तकला भांडे घासत होती. मान बी वर नाई केली तिनं.

"माझ्यासंग बोलता बोलता मराठी सरली त्याईची."

*

मोठा पोळा झाला आन दुसऱ्या दिवशी सकाळीच आमी दोघं एसटीत बसलो. बैल खिडकीपाशी, मी मधात, पुस्तकला कडेले. कंडक्टर आला, कवळा पोरगाच होता.

"काका, याचं तिकीट?"

"लाकडाचं हाय ते!"

"सीटवर बसला हाय ना पन. हाफ काढू का फुल?"

सारी गाडी हासाले लागली. माझं डोकं गरम होत होतं तवाच पुस्तकलेनं कोपर हानला, म्हनून म्या गपचूप बैलाचं तोंड त्याच्याकडे केलं. "दात पाहून घे. एक बी नाई फुटला अजून. याचं तिकीटच लागत नाई."

त्यानं खरंच वाकून पाह्यलं. म्हने, "बराबर हाय. पन मंग याले मांडीवर घ्या, लेकरू हाय."

फुलचूरच्या फाट्यावरक बैल माझ्या मांडीवर होता.

*

घरी गेलो तं परी मायच्या मागं. बैल दिला तं मायच्या हातून घेतला तिनं. माझ्याकडे पाह्यलं बी नाई. म्या तोंडात सुपारी धरून ठेवली, एक शब्द नाई काढला. बैल घेऊन ते आतल्या खोलीत गेली.

सांजच्याले वस्तीतले लेकरं आपापले बैल घेऊन मैदानाकडे निघाले. परीची माय आत गेली तं बैल पलंगावर, अंगावर चादर.

"सो गया," पोरगी म्हने. "बस में आया ना. थक गया."

माय म्हने, "उठाओ उसको, पोळ्यात जाना है."

"नहीं. वो रोएगा."

"मग बिना बैल के कैसे जाओगी?"

पोरीनं ओठ काढला. आता रडते, मंग रडते. मी दारात उभा. बोलावं वाटे, पन बोललो का संपलं. तेवढ्यात ते माझ्याकडे पाहाले लागली. खालून वर, वरून खाली. मंग हळूहळू आली, माझा हात ओढून मले खाली बसवलं, माझ्याच खांद्यावरचा दुपट्टा काढला, गळ्यात टाकला आन दोन्ही टोकं मुठीत धरली.

"चलो."

गेलो.

तोरनाखाली सारे बैल वीतभर, हातभर. मधात मी. आरतीची थाळी घेतलेली एक बाई वाकून वाकून एकेका बैलाले कुंकू लावत आली. माझ्यापाशी आली आन थबकली. म्या आपलं डोकं खाली केलं. तिनं हासू दाबत कुंकू लावलं आन परीले इचारलं, "बेटा, ये तुम्हारा बैल है?"

"हाँ."

"मारता तो नहीं?"

परीनं दुपट्टा जरा ओढून धरला, माझ्या तोंडाकडे नीट पाह्यलं.

"नहीं," म्हने. "सिर्फ चिल्लाता है."