लाल दोऱ्याचा जोड

जबलपुरात अधारतालच्या मेन रोडवर येऊन गुलाबराव गजभिये कुठे बसतात असं विचारलं, तर लोक डोकं खाजवतील. पण "वो जो बैटरी बदलने नहीं देते" असं म्हणा, चहावालासुद्धा हात करून दुकान दाखवेल. गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात घालून माणसाला पस्तीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत कमावलं काय, तर हे नाव. आता हसा नाही तर रडा.

त्यांचं म्हणणं साधं होतं. गाडी सकाळी उठली नाही की जो तो बॅटरीच्या जिवावर उठतो. अरे, आधी तिला विचारा तरी! इंजिन बंद असताना मीटरवर साडेबारा व्होल्टच्या वर आकडा आला, म्हणजे बॅटरी धडधाकट. इंजिन चालू करून चौदाच्या आसपास आला, म्हणजे तिला भरणारा अल्टरनेटरही कामावर हजर. दहातल्या आठ गाड्यांत बॅटरी बिचारी निर्दोष निघते. कुठे टर्मिनलवर पांढरी बुरशी साचलेली, कुठे पट्टा ढिला, कुठे अर्थिंगचा बोल्ट गंजलेला. आणि दोष सापडला की तो काढून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा, हा गुलाबरावांचा रिवाज. जळका फ्यूज असो की सडकी वायर, आधी हातात घ्या, डोळ्यांनी बघा, मग पैशाचं बोला.

आणखी एक खोड होती त्यांना. दोन तारा जोडल्या की बाकीचे लोक वर टेप गुंडाळून मोकळे होतात. गुलाबराव आधी लाल दोरा गुंडाळायचे, मेणबत्तीवर घासलेला, सहा वेढे, आणि शेवटचं टोक उलटं आत ओढून घ्यायचे. मग टेप. ही अक्कल त्यांच्या आईची. भंडाऱ्याहून आलेली ती बाई शिलाई मशीनवर घर चालवायची आणि बटण असं लावायची, की सदरा फाटेल पण बटण सुटणार नाही. तसा जोड अख्ख्या जबलपुरात दोनच माणसं बांधायची. एक गुलाबराव, दुसरा अश्वजीत.

अश्वजीत त्यांचा धाकटा भाऊ, चांगला सोळा वर्षांनी लहान. बाप गेला तेव्हा पाचवीत होता. त्याला वाढवला, शिकवला, लग्न लावून दिलं, आणि दुकानात बाबासाहेबांच्या फोटोखाली आपल्या स्टुलाशेजारी त्याचं स्टूल टाकलं. गुलाबरावांना मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी, कलावतीबाई, रोज सकाळी आधी अश्वजीतच्या डब्यात पोळ्या भरायच्या, उरलेल्या नवऱ्याच्या. दोन वर्षांमागे अश्वजीत म्हणाला, दादा, दुकानाच्या पुढच्या फळीवर नव्या बॅटऱ्या ठेवतो. ठेव म्हणाले. अट एकच घातली, बॅटरी गेली की नाही ते मी सांगणार. तो हसून बरं म्हणाला. मग त्या बॅटऱ्या सहा-सहा महिने धूळ खात पडल्या, कारण दादा कोणाला घेऊ देतील तर ना!

गेल्या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं. आजार कळेना अशा गाड्या यायला लागल्या. मीटर म्हणे बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला, आणि गाडी दोन दिवस उभी राहिली की मेलेली. अशा पाच गाड्या झाल्या. पाचही वेळा शेवटी हात टेकून गुलाबरावांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, बदलून टाका. अश्वजीतनं नवी बॅटरी बसवली आणि गाडी ठणठणीत. गुलाबराव घरी येऊन बायकोला म्हणायचे, मी म्हातारा झालो वाटते, आता मले गाडी समजत नाही.

सहावी गाडी भैयालाल पटेलांची पिकअप. पनागरकडचा हिरवा मटर भरून मंडीत आणायचा, हा पटेलांचा हिवाळाभराचा धंदा. सात आठवड्यांमागे ती गाडी हॉर्नच्या कामाला आली होती. काम अश्वजीतनं केलं. तेव्हापासून तिचं एकच रडगाणं, रविवारभर उभी राहिली की सोमवारी मुकी. तीनदा गुलाबरावांनी तपासली आणि तीनदा छातीवर हात ठेवून सांगितलं, बॅटरी चांगली आहे. पुढच्या सोमवारी पटेल ती ट्रॅक्टरला बांधून घेऊन आले. मागे मटराची पोती तशीच भरलेली. आणि ते भर रस्त्यात बोलले. आवाज न चढवता बोलले, तेच जास्त लागलं.

"गुलाब भैया, आपकी ज़बान पर तीन बार भरोसा किया. मंडी उठ गई, माल गाड़ी में पड़ा है. अब या तो आप झूठे हैं, या आपको काम नहीं आता."

शेजारचे दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. काउंटरमागून अश्वजीत म्हणाला, दादा, टाइम काहून खराब करून राहिले, नवी लावून देतो, पाच मिनिटांचं काम. गुलाबरावांनी मानही वळवली नाही. पस्तीस वर्षांची पत त्या एका पिकअपवर टांगली होती, हे त्यांना चांगलं समजत होतं.

आता इथे एक सांगायलाच पाहिजे. बंद गाडीत कोणी चोरून करंट पीत असेल, तर तो पकडायची साधी रीत आहे, आणि ती गुलाबरावांनी शंभर गाड्यांवर केली होती. मग या सहा गाड्यांवर का नाही केली? कारण सहाही गाड्यांत शेवटचा हात अश्वजीतचा लागलेला. भावाच्या हातच्या वायरिंगला मीटर लावायचं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आईनं वाढलेल्या ताटाचा कोणी वास घेऊन बघतं का? त्या दिवशी चारचौघांत नाक कापलं गेलं, म्हणून कुठे मीटर बाहेर निघालं.

त्यांनी दुकानातली भरलेली बॅटरी गाडीला जोडली, निगेटिव्हची वायर सोडवली आणि मध्ये मीटर घातलं. चावी बंद, दिवे बंद, दरवाजे बंद. आकडा जवळजवळ शून्य यायला पाहिजे होता. आला पाऊण अँपियर. अल्टरनेटरची वायर काढून बघितली, आकडा तसाच. एकेक करून सगळे फ्यूज उपटले, आकडा तसाच. म्हणजे जो कोणी पीत होता, तो फ्यूजच्या आधीच तोंड लावून बसला होता. गुलाबराव पिकअपमध्ये आडवे झाले आणि जाड वायर दोन बोटांनी चाचपत डॅशबोर्डच्या मागे गेले. एका ठिकाणी टेपखाली फुगवटा लागला. त्यांनी अंगठ्यानं दाबला. टेपखालून दोऱ्याचे वेढे बोटांना लागले. त्यांनी ते मोजले. सहा.

डोळ्यांनी बघायची गरजच उरली नव्हती. तरी त्यांनी टेप कापली. लाल दोरा, मेण लावलेला, टोक उलटं आत घेतलेलं. त्या जोडापासून एक बारीक तार निघून पत्र्याच्या डबीत गेली होती, आणि डबीत एक छोटा बल्ब, कोणाला दिसू नये असा, जळत होता. दोन रात्री उभ्या गाडीची बॅटरी रिकामी करायला तेवढा पुरे. मग आधीच्या पाच गाड्याही समजल्या. नवी बॅटरी बसवताना ही तार काढून घ्यायची, झालं काम. आणि "बदलून टाका" हे वदवून घेतलं होतं गुलाबरावांच्याच तोंडून. ज्याला लेकरासारखा वाढवला, त्यानंच केसानं गळा कापला होता. ते तसेच आडवे पडून राहिले. पटेलांना वाटलं, यांना चक्कर आली की काय.

बाहेर आले तेव्हा अश्वजीत जवळ येऊन उभा होता. तोंडावरचा रंग उडालेला, पण डोकं चालत होतं. तो खालच्या आवाजात, घरच्या भाषेत बोलला.

"दादा, त्याले मराठी समजत नाही. ते काढून खिशात टाका. मी नवी बॅटरी फुकट लावून देतो, गोष्ट इथंच मिटली."

मराठी त्यांच्या घरी आई बोलायची. बाजारात हिंदी, चुलीपाशी मराठी, असं ते दोघे वाढले. त्या भाषेत कोणी आपल्याला चोरीत हिस्सा देईल, असं गुलाबरावांना कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते भावाशी मराठीत एक शब्द बोलले नाहीत. परत आत वाकून तारेचा तुकडा जोडासकट कापला, डबी घेतली, आणि रिवाजाप्रमाणे गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली.

"पटेल जी, बैटरी अच्छी है. अल्टरनेटर भी अच्छा है. ये तार मेरी दुकान में लगा है. जोड़ मेरे भाई का है, और सिखाया मैंने है."

पटेलांनी तो तुकडा उलटसुलट करून बघितला. दोघा भावांकडे बघितलं. तुकडा खिशात घातला. गुलाबरावांनी सोडवलेल्या वायरी आणि फ्यूज परत जोडले, पटेलांनी चावी फिरवली, दुकानातल्या भरलेल्या बॅटरीवर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि ते मटर घेऊन गेले. जाताना रामराम केला नाही.

"घरच्याले बाहेरच्यासमोर नंगं केलं तुम्ही," अश्वजीत म्हणाला. जसं काही दगा त्यालाच झाला होता! स्टूल पायानं सरकवून तो निघून गेला. गुलाबरावांनी त्या पाचही गाडीवाल्यांना एकेक करून फोन लावला, काय झालं होतं ते सांगितलं, आणि ऐकायचं ते ऐकून घेतलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा कलावतीबाईंना सगळं कळलेलं होतं. धाकटी जाऊ दार लावून बसली होती. तरी त्यांनी विचारलं, कारण बाईचं मन मानत नव्हतं. अहो, तुमची काही चूक तर नाही ना, दुसऱ्या कोणाचा जोड असेल.

गुलाबरावांनी आपला अंगठा पुढे करून बघितला.

"नुसती टेप लावून दिली असती ना, तर मी दुसऱ्याच कोणाचं काम समजलो असतो. सात आठवडे गाडी खड्ड्यात आदळली, पण जोड हलला नाही, कलावती. माझ्याच्यानं आता असा बांधणं होत नाही." एवढं बोलले आणि पोरासारखे रडायला लागले.