बोनसकाका

बोनसकाकांचा आवाज आधी यायचा, माणूस नंतर दिसायचा. कबड्डीत आमची एखादी मुलगी चढाईला गेली आणि तिचं पाऊल बोनस रेषेपलीकडे टेकलं, की पंचांचा हात वर जायच्या आधीच मैदानाच्या कडेवरून आरोळी उठायची, "बोनस!" त्यावरून ते नाव पडलं. खरं नाव आमच्या संघात कुणालाच माहीत नव्हतं. संगमनेरला स्टँडच्या मागे त्यांचं दुधाचं बूथ होतं. वय पंचेचाळिशीचं. लग्न केलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. मुलांची कबड्डी लोक झाडावर चढून बघत आणि आमची सुरू झाली की चहाला जात. उरायचे खेळाचे सर, चार मैत्रिणी आणि काका. एकदा मी विचारलं, "काका, तुम्ही मुलांचे सामने का नाही बघत?"

"त्यांची बघायला आख्खं गाव हाय. आन् तुमच्यावानी पकड जमती का त्यांना? नुसती रेटारेटी!"

आम्ही हरलो की ते समजूत घालत नसत, चिडत. "घोटा धरला तर सोडायचा न्हाई, पोरी. बाकीच्या येईस्तोवर धरून ठिवायचा." पेपरात मुलांचा निकाल यायचा, आमचा क्वचितच. म्हणून काका सकाळी पिशव्या देता देता गिऱ्हाइकांना सांगायचे, "काल आपल्या पोरी जिंकल्या." ते 'आपल्या' काही लोकांना खुपत होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

एका हिवाळ्यात जामखेडला सामना होता. बूथ भावावर सोपवून काका एसटीने आले. आमच्याच कॉलेजातली काही मुलंही आली होती. आमची कॅप्टन रूथ चढाईला गेली की ही मुलं शिट्ट्या मारायची, तिच्या चड्डीवरून बोलायची. काका उठून त्यांच्यापुढे उभे राहिले.

"खेळ बघायला आलाव का पोरी?"

एकाने त्यांची कॉलर धरली. "आणि तुम्ही काय बघायला येता हो?"

काकांनी कॉलर सोडवून घेतली आणि परत जागेवर जाऊन बसले. त्या मुलांनी तोच प्रश्न संगमनेरभर फिरवला. हा बिनलग्नाचा माणूस पोरींच्या मागे गावोगाव का हिंडतो? आठवड्याभरात पालकांची तक्रार प्राचार्यांकडे गेली आणि कॉलेजच्या मैदानावर मुलींच्या सामन्याला बाहेरच्या पुरुषांना बंदी झाली. पुढच्या सामन्याला शिपायाने काकांना फाटकावरच अडवलं. ती मुलं आत होती. ती बाहेरची नव्हती.

आम्ही साऱ्या जणी प्राचार्यांकडे गेलो. जामखेडला काय झालं ते रूथने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्यांचं लग्न झालंय का?"

"नाही," रूथ म्हणाली.

"मग?" ते म्हणाले, आणि समोरचे कागद चाळू लागले.

अंतिम सामना नगरला होता. रूथ आणि मी बूथवर गेलो. "काका, तिथलं मैदान सगळ्यांना खुलं आहे. तुम्ही याच," रूथ म्हणाली.

काकांनी रिकामे क्रेट एकावर एक रचले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या बापाला चालंल का?"

तक्रारीवर पहिली सही रूथच्या वडिलांची होती. ते मिशनच्या शाळेत शिक्षक होते, माणूस वाईट नव्हता. रूथ रस्ताभर रडत होती.

नगरला आम्ही एका गुणाने जिंकलो. तो गुण रूथच्या बोनसचा. पंचांनी हात वर केला, मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या, आणि मला कधी नव्हे एवढं ते मैदान ओकं वाटलं. पेपरात पहिल्यांदाच आमचा फोटो आला. ढाल प्राचार्यांच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ढाल मागून घेऊन मी एकटीच बूथवर गेले. रांगेत पाच-सहा बायका होत्या. माझ्या हातात काय आहे ते बघून त्यांची बोलणी थांबली. काकांनीही पाहिलं. ढालीवर त्यांची नजर क्षणभर ठरली, ओठ हलल्यासारखे वाटले. मग त्यांनी मान खाली घातली.

"किती पिशव्या, ताई?"

"एक," मी म्हणाले.