सूर्याचा वारा आणि सातवीचा वर्ग

शाळेत नोकरी केली की किस्से खडूच्या भुकटीसारखे अंगावर बसतात, झटकले तरी जात नाहीत. तेर गावाजवळच्या आमच्या शाळेतले निम्मे किस्से एकट्या कादरी सरांचे. सायन्सचे मास्तर, लाख माणूस. पण तीन वर्षं झाली तरी नोकरी कायम नव्हती. इन्स्पेक्शन चांगलं झालं तरच होणार होती. आणि हे महाशय कुठल्याशा इंग्रजी मासिकात सूर्याचा वारा वाचून बसलेले!

*

सूर्यातून सतत विद्युतभारित कणांचा वारा सुटतो, हे त्यांनी चावडीवरही सांगितलं. पाटलांची मळलेली ज्वारी खळ्यावर पडून होती, आठ दिवस उपणायला वारा नव्हता. पाटलांनी विचारलं, तो वारा इकडं कधी येणार? सर म्हणाले, पृथ्वीचं चुंबक त्याला बाहेरच वळवतं.

"मंग मास्तर, आदी ते चुंबक काडा की."

*

हॉटेलातून स्टाफरूममध्ये येईपर्यंत चहा गार व्हायचा. हेडमास्तर चिडले. कादरी सर समजुतीनं म्हणाले, सूर्याचा वाराही लांब जाईल तसा थंडावतो, पण त्याचा वेग फारसा कमी होत नाही.

हेडमास्तरांनी कप खाली ठेवला. "मग सूर्यालाच सांगा चहा आणायला."

*

इन्स्पेक्शनच्या दिवशी सरांनी सातवीचा वर्ग मैदानात काढला. झेंड्याचा खांब म्हणजे सूर्य. चाळीस पोरं खांबाभोवती, तोंडं बाहेर. सगळ्यांनी एकाच चालीनं सरळ चालायचं. लांब जाल तशी दाटी कमी होईल, वेग मात्र तोच. थांबायचं कुठं? सूर्याचा वारा बाहेरचं कुणी अडवीपर्यंत जातो, तसंच तुम्हीही जा.

सरांनी शिट्टी वाजवली. तेवढ्यात हेडमास्तरांनी हाक मारली म्हणून ते आत गेले. आमच्या शाळेला कंपाउंड नव्हतं.

शाळेच्या मैलभर अलीकडं, इन्स्पेक्शनला निघालेल्या डेप्युटीसाहेबांच्या जीपला सातवीतली सकीना आडवी आली. साहेबांनी उतरून विचारलं, शाळा सोडून कुठं?

"सूर्यापासून आलेय, साहेब. आता तुमी अडवलं, थांबते."

साहेब तिला जीपमध्ये घेऊन शाळेत आले. मैदान रिकामं. खांबापाशी कादरी सर एकटे, चेहरा पांढराफटक. मी व्हरांड्यात उभा होतो. वाटलं, गेली बिचाऱ्याची नोकरी.

"वर्ग कुठं आहे?"

सरांनी घाम पुसला. "साहेब, विरळ झालाय."

साहेबांनी खांबाकडं बघितलं. "आणि वेग?"

"त्योच हाय, साहेब," सकीनाच बोलली.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर फाईल ठेवली, 'कायम करावे' लिहून सही केली आणि पेन खिशाला लावलं.

"बसा जीपमध्ये, कादरी. अजून एकोणचाळीस अडवायचेत."