उपाशीपोटी चढलेली साखर

त्या सकाळी माझ्या पोटात पाण्याच्या घोटाशिवाय काही नव्हतं. देवाशपथ! तरी गडचिरोलीच्या दवाखान्यात तपासली, तर साखर आभाळाला टेकलेली.

"काऊन वं, बुंदी कुठी खाल्ली?" थोरल्या जाऊबाई भर रांगेत ओरडल्या. मला साखरेचा आजार निघाल्यापासून त्यांनी माझा चहा फिका केला, जिलेबीवाल्यालाही दम भरला. चोरून खाण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, कबूल. पण जन्मात एकदा खरं बोलत होते, तर कोणी मानेना!

"अशीच राहिली तर इन्सुलिनची सुई लावावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुईचं नाव काढलं की मी आधी दार शोधते. "आज सकाळी काही धावपळ? भीती?"

मी जाऊबाईंकडे बघितलं. सांगावं तर मेले, न सांगावं तर सुई. शेवटी टाकलं बोलून. एकटीनं जंगलात जायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद. पण पहाटे त्या आंघोळीला गेल्या आणि मी मोहफुलं वेचायला पळाले. वाकून वेचतेय, समोर बघते तर काय, अस्वल! तेही फुलंच खात होतं. अगं बाई, मी जी सुटले ती थेट घरी, आणि तशीच धापा टाकत बसमध्ये.

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. "भीतीनं अंगात हार्मोन सुटतात. पळायला ताकद हवी, म्हणून यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. रोजच्या काळजीनंही तेच होतं, हळूहळू. पुढच्या आठवड्यात शांतपणे या."

"ऐकलं का बाई? मी नाई खाल्ली!" मी नाचायचीच बाकी होते.

जाऊबाई गप्प. आठवडाभर गप्पच. ना टोमणा, ना शिवी. मला वाटलं, माझी साखर वाढू नये म्हणून तोंडाला कुलूप लावलंय. मी तर खुशाल गाणी म्हणत भांडी घासली.

दुसऱ्या तपासणीत साखर ताळ्यावर! सुई टळली! मी आनंदानं दवाखान्यातच टाळ्या पिटल्या. आणि जाऊबाई बाकावर बसून हमसून हमसून रडायला लागल्या.

"अवो बाई, आता काऊन रडता?"

त्यांनी माझं मनगट गच्च धरलं. "सुईचं जाऊ दे वं. त्या दिवशी तुले काई झालं असतं, तर मी भांडू कोणासंगं?"