सोमवारचं पासबुक

दर सोमवारी ती डोंगरावरच्या वाडीतून पोलादपूरला उतरायची आणि बँकेत माझ्या खिडकीत पासबुक ठेवून त्यावरच्या नावावर बोट टेकवायची. नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेत नसे. तो महाडच्या कारखान्यात पाळीला गेला, तो परतलाच नव्हता. चेकबुक त्याच्याजवळ होतं.

"म्याडम, काय काढलेनी काय?"

"नाही हो, त्यांनी काहीच काढलेलं नाही."

"चिकटच हायेत पहिल्यापासून," असं हसून ती रांगेतून बाजूला व्हायची. गर्दीत मला तिचा वैताग यायचा.

घरावर पत्रे घालायला तिच्याकडे पैसे नव्हते. म्हणून तो बेपत्ता होऊन सात वर्षं उलटल्यावर मीच तिला बाकावर बसवून समजावलं, की कोर्टाचा हुकूम आणलात तर त्यांच्या खात्यातले पैसे तुम्हाला मिळतील. अर्ज पुढे केला.

"यांचं नाव कुठं?"

मी 'मयत' या शब्दापुढची रेघ दाखवली. तिचं बोट कागदाच्या वरच थांबलं.

"मंग खातं?"

"बंद होईल."

"आन त्यांचा चेक आला तर?"

तिनं अर्ज नीट घडी करून माझ्या हातात परत दिला. "गळतं तिथं टोप ठेवीन. येते सोमवारी."

तेव्हापासून सोमवारी ती यायच्या आधीच मी ते खातं उघडून बघू लागले. बघितल्याशिवाय मला दुसऱ्या कामाला हात लावता येईना.